स्विचबोर्डापासून मोजलेली भिंत : वाकडमधील एका दिवाणखान्याचे प्रकरण

पुण्यातील वाकड येथे एका उंच इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर असलेल्या दोन बेडरूमच्या सदनिकेचा दिवाणखाना हा या प्रकरणाचा विषय आहे; त्याच्या सजावटीचे काम माझ्याकडे होते. खोली १७ फूट ६ इंच लांब, ११ फूट रुंद आणि फरशीपासून छतापर्यंत ९ फूट ५ इंच उंच आहे. घरात नवरा-बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई असे चौघे राहतात. ताबा मिळून तीन वर्षे झाली होती, सोफा, टीव्हीचे कपाट, जेवणाचे टेबल, पडदे असे सगळे सामान आलेले होते, तरीही त्यांची तक्रार होती की हॉलमध्ये बसले की सामान अजून यायचे आहे असे वाटते. भिंतींना बिल्डरने दिलेला पांढुरका रंग तसाच होता आणि सोफ्यामागच्या लांब भिंतीवर एका घड्याळाखेरीज काहीही नव्हते.

ही इमारत मायवान पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभारून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतलेले आहेत. अशा भिंतीला विटांच्या भिंतीसारखा जाड गिलावा नसतो. साचा उतरवला की पृष्ठभाग जवळपास तयार मिळतो आणि त्यावर पुट्टीचे हात मारून रंग दिला जातो. बांधकाम लवकर उरकते आणि भिंती बऱ्यापैकी ओळंब्यात येतात, परंतु जाडी जेमतेम सहा इंच असल्यामुळे अशा भिंतीत कोनाडा काढता येत नाही, फडताळ बसवता येत नाही आणि खिडकीलाही खोलपणा येत नाही. वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाड असे. कोनाडे, फडताळे आणि खुंट्या तिच्यातच सामावलेल्या असत, मधूनमधून लाकडी खांब आणि तुळया दिसत, वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत, असे. तिला निराळी सजावट लागत नसे, कारण उजेड आणि सावलीच्या जागा बांधणीतच तयार झालेल्या असत. सहा इंची काँक्रीटच्या सपाट भिंतीवर सावली पडायला जागाच राहत नाही, आणि ‘हॉल रिकामा वाटतो’ या तक्रारीचे मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच सापडते.

घरच्यांनी फोनमध्ये बरीच चित्रे जमवून ठेवली होती. त्यांतील बहुतेकांत टीव्हीमागची भिंत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या खाचांच्या गडद पॅनेलने झाकलेली होती, मध्ये सोनेरी पट्ट्या आणि कडेने एलईडीचा उजेड होता. समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंती याच पद्धतीने करून द्याव्यात, अशी त्यांची मूळ मागणी होती आणि एका कंत्राटदाराकडून त्यांनी त्याचे अंदाजपत्रकही घेतलेले होते. मी त्याला विरोध केला. खोलीची रुंदी अकरा फूट. दोन्ही बाजूंनी गडद, दाट रेषा आल्या असत्या तर ती प्रत्यक्षात आहे त्याहून अरुंद भासली असती. शिवाय टीव्ही पाहताना नजर रोज तीन-चार तास ज्या भिंतीकडे असते तिथे पडद्याभोवती शांत पृष्ठभाग असणे बरे. टीव्हीची भिंत साधीच ठेवावी आणि सोफ्यामागच्या भिंतीवर मोल्डिंगच्या, म्हणजे भिंतीवर उठून दिसणाऱ्या, पातळ पट्ट्यांचे चौकोन करावेत, असे ठरले. निर्णयाला दोन बैठका लागल्या.

दुसऱ्या बैठकीत इतका वेळ गप्प बसलेल्या आजींनी विचारले, ‘‘अहो ताई, या पट्ट्यांवरची धूळ कोण पुसणार?’’ सगळे हसले, पण प्रश्न रास्त होता आणि पुढे पट्टीचा घाट त्यावरूनच ठरला. बाजारात मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांना वरच्या कडेला सपाट पायरी असते आणि त्या पायरीवर धूळ साचून पांढरी रेघ दिसू लागते. वरची कड उतरती असलेली, कोरीव नक्षी नसलेली पट्टी घेतली की कोरडे फडके एकदा फिरवले तरी काम भागते. वेलबुट्टीच्या पट्ट्या तिथेच यादीतून गेल्या.

भिंतीवर आधीपासून असलेल्या गोष्टी

मोल्डिंगचे काम बहुतेक ठिकाणी बिघडते ते मापात. कारागिरीचा दोष त्या मानाने कमी असतो. कोऱ्या कागदावर सुंदर चौकोन आखले जातात आणि मग भिंतीशी गेल्यावर लक्षात येते की एका चौकोनाची उभी रेषा थेट स्विचबोर्डावरून जाते. मग मिस्त्री ती पट्टी तिथेच तोडतो, बोर्डाच्या वर आणि खाली तुकडे लावतो, आणि नंतर पाहणाऱ्याची नजर आयुष्यभर त्याच जागी अडकते. परदेशी पुस्तकांतील किंवा फोनवरील आराखडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत याचे एक मोठे कारण हेच आहे. आपल्या घरांत दिवे, पंखे, पंख्याचे रेग्युलेटर आणि एखादा प्लग हे सगळे एकाच लांबट बोर्डात येते, आणि तो बोर्ड बहुधा चार-सव्वाचार फूट उंचीवर, दाराजवळच्या कोपऱ्यात असतो.

म्हणून आम्ही कागद बाजूला ठेवून आधी भिंत मोजली. तिची लांबी २१० इंच. खाली भिंतीच्या पायाशी चार इंच उंचीचे टाइलचे स्कर्टिंग. दाराकडच्या कोपऱ्यापासून स्विचबोर्डाचा मध्य बरोबर १४ इंचांवर; बोर्डाची रुंदी सुमारे ९ इंच, खालची कड फरशीपासून ४६ इंचांवर आणि वरची ५० इंचांवर. सोफा ८४ इंच लांब, पाठीची उंची ३४ इंच. सोफ्याच्या दोन बाजूंना फरशीपासून फूटभर उंचीवर दोन प्लग. एक कोपऱ्यापासून ५८ इंचांवर आणि दुसरा १४४ इंचांवर. मायवान भिंतीत बोर्ड सरकवणे जवळजवळ अशक्य असते, कारण वायरीच्या नळ्या काँक्रीट ओततानाच आत गेलेल्या असतात आणि भिंतीत नवी झिरी मारायला इमारतीचे नियम परवानगी देत नाहीत. तेव्हा बोर्ड जिथे आहेत तिथेच राहणार हे धरून चालणे भाग होते.

कंबरेच्या उंचीच्या आडव्या पट्टीला कारागीर डॅडो पट्टी म्हणतात. हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या टाइल्समुळे घरोघरी माहीत आहे, पण तो मूळचा युरोपातील अभिजात वास्तूचा आहे. तिथे स्तंभाखालच्या चौथऱ्याच्या मधल्या भागाला डॅडो म्हणत, आणि भिंतीची विभागणीही त्याच हिशेबाने होई. खाली चौथरा, मधे स्तंभाचा लांब भाग, वर छतालगतची पट्टी म्हणजे कॉर्निस. आपल्या पिढीने डॅडो पाहिलेला आहे तो मात्र शाळांच्या आणि सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर, जिथे खालचे चार फूट हिरवा किंवा तपकिरी ऑइलपेंट आणि वर चुना किंवा डिस्टेंपर असे. तो पट्टा शोभेसाठी नव्हता. हात, पाठ आणि बाकाच्या कडा लागून भिंत मळू नये आणि मळली तर धुता यावी यासाठी होता. युरोपातील डॅडो पट्टीचेही एक काम खुर्चीच्या पाठीपासून गिलावा वाचवणे हेच होते.

ही पट्टी उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर घ्यावी असा प्रघात आहे. येथे खोलीची उंची ११३ इंच, म्हणजे तिसरा हिस्सा साडेसदतीस इंचांच्या किंचित वर येतो. पट्टी तिथे घेतली असती तर तिची दोन इंच रुंदी आणि वरचे चार इंच अंतर धरून वरच्या चौकोनाची खालची रेषा ४३ इंचांच्या पुढे गेली असती, आणि ४६ इंचांवर सुरू होणारा बोर्ड त्या रेषेला जवळजवळ चिकटला असता. म्हणून पट्टीची खालची कड ३६ इंचांवर आणली. त्यामुळे वरचे चौकोन ४२ इंचांवर सुरू झाले आणि बोर्डाच्या खाली चार इंच मोकळे राहिले. हेच चार इंच मग सगळीकडे धरले: दोन चौकोनांमध्ये चार, कोपऱ्यापासून चार, पट्टीच्या वर चार आणि खाली चार, स्कर्टिंगच्या वर चार, कॉर्निसच्या खाली चार. अंतर एकच असले की चौकोनांची रुंदी वेगवेगळी असूनही भिंत एकाच हाताने आखल्यासारखी दिसते.

रुंदी ठरवताना पहिला प्रयत्न फसला. पाच सारखे चौकोन घेतले तर प्रत्येकी सुमारे सव्वासदतीस इंच येत होते. मास्किंग टेपने ते भिंतीवर खऱ्या मापात चिकटवून पाहिले, तेव्हा बोर्ड पहिल्या चौकोनात एका बाजूला, पाकिटावर तिरपागड्या जागी लावलेल्या तिकिटासारखा दिसू लागला. टेप काढून आम्ही उलट बाजूने विचार केला. बोर्डाचा मध्य १४ इंचांवर आहे; कोपऱ्यापासून चार इंच सोडले तर मध्यापर्यंत दहा इंच उरतात; म्हणजे पहिला चौकोन वीस इंच रुंद घेतला की बोर्ड त्याच्या बरोबर मध्यावर येतो. दुसऱ्या टोकाला तसाच वीस इंचांचा चौकोन. उरलेल्या जागेत सोफ्याच्या वर एक रुंद चौकोन हवा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभट. हिशेब असा जमला: २०, ३६, ७४, ३६, २० आणि सहा ठिकाणी चार-चार इंच, एकूण २१०. वरच्या ओळीची उंची ६३ इंच, खालच्या ओळीची २४. मधला चौकोन आधी ६६ इंचांचा धरला होता, पण ६६ रुंद आणि ६३ उंच हा आकार धड चौरस नाही आणि धड आडवाही नाही. असा आकार डोळ्याला खुपतो. आठ इंच वाढवल्यावर तो आडवा आहे हे स्पष्ट झाले आणि बाजूचे दोन्ही सडपातळ झाले.

टेपचे चौकोन चार दिवस भिंतीवर तसेच ठेवले. घरच्यांना हे थोडे विचित्र वाटले, पण संध्याकाळी, रात्री दिवे लावून, जेवणाच्या टेबलावरून आणि दारातून आत येताना भिंत कशी दिसते ते त्यांनी स्वतः पाहिले, आणि त्यानंतर आराखड्यात एकही बदल झाला नाही. मापाचे काम बोर्डापासून सुरू केल्यामुळे पुढच्या सगळ्या निर्णयांना एक धागा मिळाला. एक तडजोड मात्र राहिली. ५८ इंचांवरचा प्लग दुसऱ्या चौकोनात कसाबसा बसला, पण १४४ इंचांवरचा प्लग खालच्या ओळीत नेमका दोन चौकोनांमधल्या फटीवर आला आणि दोन्हीकडच्या उभ्या पट्ट्यांना छेद देऊ लागला. तो सोफ्याच्या कडेमागे झाकला जातो. तिथे पट्ट्या तोडाव्या लागतील हे घरच्यांना आधीच दाखवून ठेवले.

पश्चिमेची भिंत

बाल्कनीकडची अकरा फुटी भिंत पश्चिमेला आहे. सोफ्यामागच्या भिंतीवरची डॅडो पट्टी आणि खालचे चौकोन वळवून या भिंतीवरही न्यावेत, म्हणजे खोली बांधल्यासारखी दिसेल, अशी घरच्यांची इच्छा होती आणि दिसण्याच्या दृष्टीने ती बरोबर होती. परंतु नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा याच बाजूला बसतो. काम ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, तेव्हा बाल्कनीच्या दाराच्या चौकटीखालच्या कोपऱ्यात रंगाला बारीक फोड आले होते आणि बोट फिरवले की पांढरी भुकटी लागत होती. ती भुकटी म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेतून, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, धरले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतील हवेची आहे. इथे थेंब आतल्या बाजूला आले. अशा भिंतीवर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, लावला तर त्याच्या कडा फुगतात, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी पूर्ववत होत नाही. पाण्याला न जुमानणारी पट्टी लावली तरी तिच्यामागचा रंग आणि पुट्टी सुटली की पट्टीही सुटते. म्हणून पॅनेल लावून ओल झाकण्याचा प्रस्ताव मी कधीही मान्य करत नाही. झाकलेली ओल दिसत नाही एवढेच, आणि दिसत नसल्यामुळे ती उशिरा कळते.

मग पश्चिमेच्या भिंतीवर पट्ट्या न लावता फक्त रंग वापरला. डॅडो पट्टीच्या बरोबर पातळीवर दोन इंचांचा रंगाचा पट्टा ओढला आणि त्याखालचा भाग सोफ्यामागच्या भिंतीच्या रंगात घेतला. आजी म्हणाल्या, ‘‘आमच्या शाळेत असंच असायचं.’’ ते अगदी खरे होते, आणि या घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुज्ञ भाग तोच आहे असे माझे मत आहे. उद्या रंग सुटला तर खरवडून पुन्हा देता येतो.

पट्ट्या, कापणी आणि चिकटवणी

चौकोनांसाठी पॉलिस्टायरीनची, म्हणजे थर्माकोल ज्याचे बनते त्याच प्लॅस्टिकची, दाट, हलकी पट्टी घेतली. ती दहा सूत रुंद आहे आणि भिंतीपासून चार सूत पुढे येते. कारागिरांच्या मापात आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच. चित्रांत पाहून मोठ्या पट्टीची सवय झालेल्या घरच्यांना ही फारच किरकोळ वाटली होती. मात्र ही लांब भिंत पश्चिमेच्या बाल्कनीला काटकोनात आहे, त्यामुळे दुपारनंतरचा उजेड भिंतीला घासून जातो आणि अर्ध्या इंचाची पट्टीही ठसठशीत सावली टाकते. समोरून उजेड पडणाऱ्या भिंतीवर कदाचित सहा सूत पुढे येणारी पट्टी लागली असती. या पट्टीला पाणी आणि वाळवी लागत नाही आणि काँक्रीटवर ती नुसत्या चिकटवणीने बसते. खिळ्यांची गरज पडत नाही. मायवान भिंतीत खिळा ठोकला की तो बहुधा वाकतो, किंवा पुट्टीचा पापुद्रा घेऊन खाली येतो.

डॅडो पट्टी मात्र सागवानाची केली, कारण जेवणाच्या टेबलाजवळ खुर्च्यांच्या पाठी तिलाच लागणार होत्या आणि पॉलिस्टायरीनला त्या धक्क्याने खळगे पडले असते. ती दीड-दीड फुटांवर भोक पाडून, त्यात गुट्टी बसवून स्क्रूने पक्की केली आणि स्क्रूची डोकी आत दाबून वर लांबी (लाकडाची पुट्टी) भरली. भोके पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावायचे नाही हे मिस्त्रींना वेगळे सांगावे लागले नाही; वायरीची नळी स्लॅबमधून बोर्डाकडे उभी उतरते हे त्यांना ठाऊक होते. स्कर्टिंग टाइलचे होते तसेच ठेवले. लाकडी किंवा एमडीएफचे उंच स्कर्टिंग चित्रात शोभून दिसते, पण ज्या घरात फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते तिथे ते दोन पावसाळेही धड टिकत नाही.

पट्टी आठ फुटी नगात मिळते. चौकोनांचा एकूण परीघ १३४ फूट ६ इंच भरला. मिस्त्रींनी कापणीचा हिशेब भिंतीवरच पेन्सिलीने केला: दहा नगांतून प्रत्येकी एक ६३ इंची आणि एक २४ इंची तुकडा, चार नगांतून प्रत्येकी एक ७४ इंची आणि एक २० इंची, चार नगांतून दोन-दोन ३६ इंची आणि एक-एक २० इंची. अठरा नगांत काम बसले, दोन जास्तीचे घेतले होते. कोपरे ४५ अंशांत कापून जोडले. कापताना माप पट्टीच्या बाहेरच्या कडेवर घ्यायचे की आतल्या, हे सुरुवातीलाच ठरवले नाही तर प्रत्येक चौकोन अडीच इंचांनी चुकतो. इथे सगळी मापे बाहेरच्या कडेची होती.

छताने थोडा घोळ घातला. लेझरने पातळीची रेषा मारली तेव्हा छत एका टोकाला पाच सुतांनी खाली उतरलेले आढळले. नुसत्या डोळ्याला हे कधीच कळले नसते, पण वरच्या चौकोनांची रेषा आणि कॉर्निस यांच्यामध्ये चार इंचांचे अंतर असल्यावर पाच सुतांचा फरक लगेच दिसतो. कॉर्निस छताला चिकटवून नेले असते तर ते अंतर भिंतभर निमुळते होत गेले असते. म्हणून कॉर्निसची खालची कड लेझरच्या पातळीवर बसवली आणि तिच्या वर छतापर्यंत उरलेली पाचरीसारखी फट पीओपीने भरून छताबरोबर पांढरी रंगवली. छताजवळची वाकडी फट कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिच्या शेजारी मोजायला दुसरी रेषा नसते.

सुतारकाम तीन दिवसांत संपले. रंगकामाला आठ दिवस लागले, आणि हे प्रमाण अशा कामात नेहमीच असेच असते, हे घरमालकांना आधी सांगितलेले बरे. ज्या तिरक्या उजेडामुळे पट्ट्यांची सावली पडते त्याच उजेडात पुट्टीच्या लाटाही दिसतात. बिल्डरच्या पुट्टीवर पहिला हात दिल्यानंतर पेंटरने संध्याकाळी दिवा भिंतीला चिकटवून धरला, तेव्हा मधल्या चौकोनात वाळूच्या किनाऱ्यासारख्या चार-पाच लाटा उठून दिसल्या. तो भाग पुन्हा घासून, पुन्हा पुट्टी देऊन सपाट करावा लागला. पट्टी आणि भिंत यांच्यातली केसभर फट रंगवता येणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने बुजवली. हे काम वगळले तर प्रत्येक पट्टीच्या कडेला काळी रेघ राहते आणि नवे कामही जुनाट दिसते.

सहाव्या दिवशी अपघात झाला. छताचा पांढरा रंग एका पट्टीवर टपकला होता. पेंटरच्या मदतनिसाने नेहमीच्या सवयीने फडके थिनरमध्ये बुडवले आणि डाग पुसला. पॉलिस्टायरीन थिनरमध्ये विरघळते. दोन-तीन सेकंदांत पट्टीची कड मेणबत्तीसारखी ओघळली आणि चार इंचांच्या भागात घाटच उरला नाही. चूक त्याची म्हणता येणार नाही; पट्टी रंगाने झाकलेली होती, ती लाकडाची नाही हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते. जास्तीच्या दोन नगांपैकी एक तिथे खर्ची पडला. तेव्हापासून अशा कामाच्या ठिकाणी मी भिंतीवरच मोठ्या अक्षरांत ‘थिनर लावू नये’ असे लिहून ठेवते.

पट्ट्या, चौकोनांच्या आतला भाग आणि त्यांच्यामधली भिंत हे सगळे एकाच रंगात घेतले. सुकलेल्या कडुलिंबाच्या पानासारखा फिका, करडेपणाकडे झुकणारा हिरवा, पाण्यात मिसळणारा आणि किंचित चमक असलेला. पट्ट्या पांढऱ्या ठेवण्याचा आग्रह घरच्या सुनेचा होता. त्यासाठी एक चौकोन तसा रंगवून पाहिला. पांढऱ्या पट्टीमुळे चौकोन फोटोच्या रिकाम्या फ्रेमसारखा दिसू लागला आणि त्यात फोटो का नाही असा प्रश्न पडू लागला. एकरंगी भिंतीत पट्टी दिसते ती फक्त सावलीमुळे. ती सकाळी फिकी असते, दुपारनंतर ठळक होते आणि रात्री दिव्याच्या जागेप्रमाणे बदलते. चौकोन पुन्हा हिरवा केला.

दीड वर्षानंतर

काम झाल्यावर दीड वर्षाने मी ती भिंत पुन्हा पाहिली. पॉलिस्टायरीनच्या एकाही कोपऱ्याला चीर नव्हती. सागवानी पट्टी तीन तुकड्यांत जोडलेली आहे; तिच्या एका सांध्याला पहिल्याच एप्रिलमध्ये केसाएवढी चीर पडली होती. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, तेव्हा हे अपेक्षित होते. सांधे तिरके कापलेले असल्यामुळे चीर आरपार उघडी पडली नाही, आणि पावसाळ्यात ती आपोआप मिटली. पश्चिमेच्या भिंतीवर बाल्कनीच्या कोपऱ्यात हातभर भागातले पोपडे दुसऱ्या पावसाळ्यात निघाले. सोसायटीने बाहेरून भेगा भरल्यानंतर तेवढाच भाग खरवडून रंगवला. रंगाचा पट्टा पुन्हा ओढायला अर्धा तास पुरला.

टीव्हीची भिंत अजून साधीच आहे. सोफ्यावरच्या मोठ्या चौकोनात घड्याळ परत लावायचे की नाही यावर बराच काळ चर्चा झाली आणि ते स्वयंपाकघरात गेले. चौकोनात आता आजींच्या लग्नातली जुनी पैठणी चौकटीत बसवून लावलेली आहे. चौकटीची रुंदी ५० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना बारा-बारा इंच मोकळे.

गणपतीत मात्र सोफा टीव्हीखाली सरकतो, पैठणी उतरते आणि मखर त्याच ७४ इंचांच्या चौकोनापुढे मांडले जाते. तेव्हा १४४ इंचांवरचा प्लग उघडा पडतो. मखराच्या दिव्यांची वायर नेमकी त्याच प्लगला लागते, आणि तिथे तुटलेल्या पट्ट्यांपुढे घरचे लोक समई ठेवतात. पहिल्या वर्षी मुलीने कागदी फुले दुहेरी टेपने पट्ट्यांवर चिकटवली होती. ती काढताना तीन ठिकाणी रंगाचा पापुद्रा निघाला. राखून ठेवलेल्या डब्यातल्या रंगाने ते भरून काढले. डब्यावर रंगाचा क्रमांक लिहिलेला आहे आणि तो माळ्यावर, मखराच्या खोक्याशेजारीच ठेवलेला असतो.